‘केबिन ओरिजिनल नाही’ : एका घाईच्या निकालाविरुद्ध

१/ जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकचे छायाचित्र कोणी समाजमाध्यमावर टाकले की चौथ्या-पाचव्या प्रतिक्रियेत एक वाक्य हमखास उमटते : ‘केबिन ओरिजिनल नाही.’ या तीन शब्दांवर चर्चा संपते. टाकणारा ओशाळतो, वाचणारे पुढे सरकतात आणि निकाल देणारा जाणकार ठरतो. प्रस्तुत धागा या तीन शब्दांविरुद्ध आहे. निकाल नेहमीच चुकतो असे आमचे म्हणणे नाही. तो पुराव्याशिवाय दिला जातो आणि परक्या मापाने दिला जातो, ही आमची तक्रार आहे. #धागा #भिवंडी

२/ एका पत्र्याच्या खोक्यावरून एवढा वाद कशाला, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. जुना ट्रक वाचवायचा की कापायचा, हे बहुधा याच वाक्यावर ठरते. मालक गाडी विकायला काढतो. हौशी ग्राहक येतो, केबिनकडे पाहतो, ‘मूळ नाही’ म्हणतो आणि निघून जातो. त्यानंतर येतो तो भंगारवाला आणि त्याचा गॅस कटर. मोटारींच्या बाबतीत इतकी घाई कोणी करत नाही. ट्रकच्या बाबतीत मात्र सारेच करतात.

३/ ही चर्चा भिवंडीत उभी करण्यालाही कारण आहे. जुना मुंबई–आग्रा मार्ग या शहरातून जातो. यंत्रमागांच्या देशातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी हे एक. सूत आत आले ते ट्रकवर आणि कापड बाहेर गेले तेही ट्रकवर. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईच्या दारात असल्याने मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गावांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१७ साली जकात गेली, गोदामे राहिली. ज्या गावाचे अर्धे जीवन ट्रकवर चालले, त्या गावाने ट्रकचा इतिहास सांगितला पाहिजे.

४/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘या ट्रकची केबिन मूळ आहे काय?’ हा प्रश्न अमेरिकेत किंवा युरोपात विचारला जातो तेव्हा त्याला सरळ अर्थ असतो. तेथील बहुतेक ट्रक कारखान्यातूनच पोलादी केबिनसह बाहेर पडत. साच्यात दाबलेला पत्रा, यंत्राने जोडलेले सांधे, कारखान्याचा रंग. पुढे अपघात झाला, गंज चढला, दुसऱ्या गाडीची केबिन आणून बसवली, तर ती ‘मूळ’ राहिली नाही. प्रश्न योग्य, उत्तरही शक्य. आपण तो प्रश्न जसाच्या तसा उचलला आणि अशा ट्रकांना विचारू लागलो, ज्यांतील बहुतेकांना कारखान्याची केबिन कधी नव्हतीच.

५/ थोडा इतिहास. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार होता. डॉज, फार्गो आणि डिसोटो अशी तीन नावे लावून येथून ट्रक निघत; नावे तीन, पण गाडी मुळात एकच. म्हणजे बॉनेटवरचे नाव हा पुरावा किती ठिसूळ असतो, याचा पहिला धडा आपल्याला कुर्ल्यातच मिळतो.

६/ मद्रासला १९४८ साली अशोक मोटर्स निघाली. ब्रिटनच्या लेलँडशी नाते जुळल्यावर १९५५मध्ये तिचे नाव अशोक लेलँड झाले. जमशेदपूरला १९४५ साली रेल्वे इंजिनांसाठी स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज रस्त्यावर आली. हा करार १९६९ साली संपला. बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला, त्या जागी वर्तुळातले ‘टी’ अक्षर आले. खालचे यंत्र मात्र एका रात्रीत बदलले नाही.

७/ या सर्व कारखान्यांनी दीर्घकाळ प्रामुख्याने काय विकले? चेसिस. म्हणजे दोन लांब पोलादी गर्डर, त्यांवर इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, चाके, सुकाणू. आणि पुढे बॉनेट, रेडिएटरची जाळी व काचेखालचा दर्शनी पत्रा. या दर्शनी भागाला धंद्यात ‘काउल’ म्हणतात. त्यामागे छप्पर नाही, दार नाही, पाठ नाही. काही गाड्या कारखान्यातून केबिनसह निघत, हे खरे. पण माल वाहणाऱ्या सामान्य मालकाच्या नशिबी बहुधा उघडी चेसिसच येई.

८/ ती उघडी चेसिस चालवत आणणारे चालक ज्यांनी महामार्गावर पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. लाकडी फळीवर किंवा तात्पुरत्या आसनावर बसलेला माणूस, तोंडाला गुंडाळलेला पंचा, डोळ्यांवर गॉगल, ऊन-पाऊस थेट अंगावर. शेकडो किलोमीटर असा प्रवास करून गाडी बॉडी बांधणाऱ्याच्या अंगणात पोहोचे. केबिन आणि हौदा तेथे जन्माला येत. पंजाबातील सरहिंद आणि तमिळनाडूतील नामक्कल ही या कामाची नावाजलेली गावे; पण ट्रकचा राबता असलेल्या प्रत्येक शहराच्या वेशीवर अशी गॅरेजे होती.

९/ हे ‘जुगाड’ नव्हते. ही रीतसर, कायद्याने मानलेली व्यवस्था होती. १९८८चा मोटार वाहन कायदा पाहा. त्याच्या ४३व्या कलमात तात्पुरत्या नोंदणीची तरतूद आहे. मूळ तरतुदीत मुदत एक महिन्याची. पण गाडी म्हणजे बॉडी न चढवलेली चेसिस असेल आणि बॉडी बांधण्यासाठी कार्यशाळेत अडकली असेल, तर ती मुदत वाढवून देता येई. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो गॉगलवाला चालक स्पष्ट उभा होता.

१०/ याहून बोलका पुरावा म्हणजे नमुना २२-अ. ज्या वाहनाची बॉडी स्वतंत्रपणे बांधली जाते, त्याच्या योग्यतेचे हे प्रमाणपत्र आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यावर चेसिसच्या निर्मात्याची सही, दुसऱ्यावर बॉडी बांधणाऱ्याची. राज्यसंस्थेने स्वतःच्या कागदावर मान्य केले आहे की या वाहनाला दोन निर्माते आहेत. आणि आपण, इतिहासाचे अभ्यासक म्हणवणारे, त्यांतल्या एकालाच निर्माता मानतो. दुसऱ्याच्या कामाला ‘ओरिजिनल नाही’ म्हणतो.

११/ म्हणून पहिला मुद्दा ठामपणे मांडतो. भारतीय ट्रकची ‘मूळ केबिन’ म्हणजे पहिल्या नोंदणीच्या वेळी त्या चेसिसवर बसवलेली केबिन. ती जमशेदपूरला बनली की भिवंडीच्या नाक्यावर, हा प्रश्न दुय्यम आहे. हे माप मान्य केले की कारखान्याच्या जाहिरातीतले चित्र पुढे करून निकाल देणे बंद होते आणि खरे काम सुरू होते : या विशिष्ट गाडीवर त्या दिवशी काय होते, ते शोधणे.

१२/ हे माप लावले की एक गंमत दिसते. समजा, १९६५ सालची चेसिस आहे. एका छायाचित्रात तिच्यावर सपाट पत्र्याची, लाकडी चौकटीची, काहीशी ओबडधोबड केबिन आहे. दुसऱ्यात तशाच चेसिसवर गुळगुळीत, गोलाईदार, साच्यातून काढलेली पोलादी केबिन आहे. हौशी मंडळी दुसरीला ‘ओरिजिनल’ म्हणतील. पण अशा काउल-चेसिसवर साच्यातली केबिन आढळली, तर ती पुढच्या काळातील गाडीवरून उतरवून बसवली असण्याचा संशय प्रथम घेतला पाहिजे. जिला आपण नाकारले, ती कदाचित अस्सल. जिची वाहवा केली, ती उपरी.

१३/ येथे मराठी इतिहासलेखनाची जुनी शिस्त कामी येते. मोडी कागद हाताळणारा अभ्यासक ‘खरा की खोटा’ एवढे दोनच कप्पे ठेवत नाही. अस्सल वेगळे, नक्कल वेगळी. नकलेतही मुळाशी ताडून केलेली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ वेगळी, आणि फसवण्यासाठी रचलेला बनावट कागद तर सर्वस्वी वेगळा. नक्कल आहे म्हणून कोणी कागद जाळत नाही; तिचे मोल वेगळे लावतो, इतकेच. ट्रकच्या केबिनलाही हेच कप्पे लावावेत.

१४/ अस्सल : पहिल्या नोंदणीच्या वेळची केबिन. बरहुकूम : पहिली कुजली किंवा ठोकली गेली म्हणून गाडी धंद्यात असतानाच त्याच धाटणीवर पुन्हा बांधलेली. बदल : धंद्यात असतानाच, पण वेगळ्या धाटणीची, काळाप्रमाणे केलेली. बनावट : जुनी भासवून अधिक दाम मिळवण्यासाठी आज रचलेली. पहिले तीनही प्रकार इतिहासाचे साधन आहेत. चौथा तेवढा इतिहासाचा शत्रू. ‘ओरिजिनल नाही’ हे वाक्य शेवटच्या तिघांना एकाच पोत्यात घालते, हा त्याचा खरा दोष.

१५/ मग ओळखावे कसे? पाच साक्षीदार आहेत : क्रमांक, कागद, वजन, पत्रा आणि रंग. एकाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही. निदान दोन, तेही वेगवेगळ्या जातीचे, एकमेकांना दुजोरा देत असतील तरच मत बनवायचे. कागद आणि पत्रा जुळले तर उत्तम. कागद आणि मालकाची आठवण जुळली तर थांबायचे, कारण आठवण अनेकदा कागद वाचूनच तयार झालेली असते.

१६/ पहिला साक्षीदार, क्रमांक. चेसिसचा क्रमांक गर्डरवर ठोकलेला असतो, इंजिनाचा इंजिनावर. १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार निर्मितीचा महिना आणि वर्षही वाहनावर उमटवावे लागते. सतरा अक्षरांचा क्रमांक ‘एम-ए-टी’ने सुरू होत असेल तर तो टाटांचा आणि ‘एम-बी-१’ने होत असेल तर अशोक लेलँडचा, पण अशी लांबलचक ओळ दिसली की गाडी फार जुनी नाही हेही समजावे. लक्षात ठेवा : हा क्रमांक चेसिसचे वय सांगतो. केबिनविषयी तो अवाक्षर काढत नाही.

१७/ पाटीवरचा नोंदणी क्रमांक त्याहून दुबळा. ‘एमएच’ मालिका १९८९च्या सुमाराची; त्याआधीच्या मालिकेची पाटी असेल तर गाडीची नोंदणी जुनी एवढे कळते. उलट ‘एमएच-०४’ पाहून गाडी नवी म्हणू नये, कारण परराज्यातून आलेल्या गाडीला येथे नवा क्रमांक मिळतो. मॉडेलचे आकडेही वाचायला शिका : १२१० म्हणजे सुमारे बारा टन एकूण भार आणि सुमारे शंभर अश्वशक्ती, १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. हे आकडे यंत्राविषयी बोलतात, छपराविषयी नव्हे.

१८/ दुसरा साक्षीदार, कागद. नोंदणी पुस्तकात, म्हणजे आपल्या ‘आरसी बुका’त, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचे वजन यांची नोंद असते. कायद्याच्या ५२व्या कलमानुसार वाहनात केलेला महत्त्वाचा फेरफार मनमानीने करता येत नाही. तो पुस्तकात चढवावा लागतो. म्हणून नव्या प्लास्टिकच्या कार्डावर समाधान मानू नका. मालकाच्या कपाटात जुने, कडा फाटलेले, शिक्क्यांनी भरलेले पुस्तक आहे का, ते नम्रपणे विचारा. बॉडी बांधणाऱ्याची पावती मिळाली तर ती ताम्रपटाइतकी जपा.

१९/ तिसरा साक्षीदार, वजन. भिवंडीच्या कोणत्याही गोदाम-रस्त्यावर वजनकाटा सापडतो. पुस्तकातील रिकामे वजन आणि काट्यावरचे वजन ताडून पाहा. डिझेल, जादा चाक, साखळदंड, ताडपत्री यांनी थोडा फरक पडतो. तो वजा करा. तरीही काहीशे किलोंची तफावत उरली, तर वरचे काहीतरी बदललेले आहे. मात्र ते केबिन की हौदा, हे काटा सांगणार नाही. लाकडी हौदा जाऊन पोलादी आला तरी काटा तेच बोलेल. त्यासाठी पत्र्याकडे वळावे लागते.

२०/ चौथा साक्षीदार, पत्रा. कारखान्याचा पत्रा साच्यात दाबलेला असतो, एकाच वेळी दोन दिशांना वळतो, आणि सांध्यावर ठरावीक अंतराने यंत्राच्या वेल्डिंगचे गोल ठिपके असतात. हाताने घडवलेला पत्रा बहुधा एकाच दिशेला वळतो. कडा दुमडलेल्या, आतून हातोडीचे ठसे, खाली लाकडाची चौकट आणि तीत रुतलेले खिळे किंवा स्क्रू. दाराच्या बिजागऱ्या पाहा, छपराची आतली बाजू पाहा, आसन उचलून खालची फळी पाहा. कारागीर दर्शनी बाजू सजवतो. आतली बाजू जशी घडली तशी सोडतो. म्हणून आतूनच जास्त माहिती मिळते.

२१/ सर्वांत प्रामाणिक जागा म्हणजे केबिन जेथे चेसिसला बसते ती. गर्डरवर वापरात नसलेली रिकामी भोके आहेत काय? जुन्या पट्टीने झाकलेल्या जागी गंजाची वेगळी सावली आहे काय? काउलचा पत्रा आणि केबिनचा पत्रा जेथे भेटतात, तेथे एकच सांधा आहे की जुना कापून शेजारी नवा मारला आहे? एका गाडीवर दोन केबिनी येऊन गेल्या असतील तर त्यांचे भांडण येथे दिसते. रिकामी भोके बुजवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

२२/ पाचवा साक्षीदार, रंग. रंगाचे थर म्हणजे झाडाची वलये. दाराच्या आतल्या कडेला, बिजागरीमागे, जेथे ब्रश पोहोचतो पण घासणी पोहोचत नाही, तेथे हे थर टिकतात. काउलवर सहा थर आणि केबिनवर दोनच, तर केबिन नंतरची असण्याचा दाट संभव. राष्ट्रीय परवान्याच्या मालगाड्यांना सुक्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरी किनार नियमाने ठरलेली होती. तो तपकिरी थर कितवा आहे, यावरून गाडीच्या धंद्याचा एक टप्पा कळतो. अर्थात दुसऱ्याच्या गाडीवर चाकू चालवून थर मोजण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२३/ आणि ज्याला साक्षीदार मानू नये असा एक : बिल्ला. बॉनेटवर तारा आहे म्हणून गाडी १९६९पूर्वीची, हा तर्क टाकून द्या. बिल्ला चार स्क्रूंवर बसतो आणि बाजारात विकत मिळतो. तारा नाही म्हणून गाडी नंतरची, हेही तितकेच चूक. तो पडला असेल, चोरला गेला असेल, किंवा मालकानेच काढून तेथे देवाची पाटी लावली असेल. दर्शनी अलंकारावरून कालनिर्णय करणारा अभ्यासक शिलालेख न वाचता देवळाच्या रंगावरून त्याचे शतक सांगतो, असे म्हणावे लागेल.

२४/ आता आक्षेप घेऊ. ‘अशाने कोणतीही केबिन मूळच ठरेल, मग शब्दाला अर्थ काय?’ उलट आहे. आमचे माप अधिक कडक आहे. कारखान्याचे चित्र पुढे ठेवून ‘जुळते’ म्हणणे सोपे. चित्राबरहुकूम केबिन आज कोणीही घडवून देईल आणि ती परीक्षेत उत्तीर्ण होईल. पहिल्या नोंदणीचे माप मात्र त्या एका गाडीचा पुरावा मागते. बनावट करणाऱ्याला चित्र मिळते. गर्डरवरची गंजाची सावली, सहा थर आणि फाटके पुस्तक यांचा मेळ घालणे त्याला फार जड जाते.

२५/ दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानी मंडळींचा. ‘सर्व भाग बदलत गेलेले जहाज तेच जहाज राहते काय, हे ग्रीकांनाही सुटले नाही, तुम्ही ट्रकचे काय घेऊन बसलात?’ हे कोडे चहाच्या टपरीवर रमणीय आहे, गॅरेजमध्ये निरुपयोगी. आम्हाला गाडीच्या आत्म्याविषयी काही ठरवायचे नाही. कोणता भाग कधी बसला, कोणी बसवला आणि का, एवढेच विचारायचे आहे. या प्रश्नांना तारखा असतात, कागद असतात, खिळे असतात. उत्तर शोधण्याचा कंटाळा आला म्हणून कोड्यामागे लपू नये.

२६/ तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : ‘एवढे करून ट्रकला मिळणार काय?’ आज तरी काहीही नाही, आणि येथेच आमचा रोष आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली वाहने वेगळ्या मालिकेत नोंदता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. पण ही सोय एल-१, एल-२ आणि एम-१ या वर्गांना, म्हणजे दुचाकी आणि प्रवासी मोटारींना आहे. मालवाहू वाहनांचा ‘एन’ वर्ग त्यात नाहीच.

२७/ म्हणजे १९६०च्या दशकातील एखादी फियाट हा वारसा. आणि त्याच दशकात आग्रा रस्त्यावरून भिवंडीचे कापड वाहणारा ट्रक हे निव्वळ वय झालेले वाहन. ज्या वाहनाने शहर उभे केले त्याला वारशाच्या व्याख्येत जागा नाही, आणि ज्यातून शेठजी फिरले त्याला आहे. हा भेद कोणी दुष्टपणे केला असे नव्हे. नियम लिहिताना ‘जुने वाहन’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे मोटारींची मिरवणूक आली, ट्रक आला नाही. आणि ट्रक डोळ्यांपुढे येत नाही याला आपले तीन शब्दही काही अंशी कारण आहेत.

२८/ उद्या ‘एन’ वर्ग त्या नियमांत घातला तरी गाठ सुटत नाही. त्याच नियमांत अट आहे : चेसिसमध्ये, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. कारखान्याच्या मोटारीला ही अट रास्त. पण ज्याची बॉडी पहिल्यापासून दुसऱ्याने बांधली, जी कोकणच्या पावसात कुजून धंद्याच्या गरजेने पुन्हा बांधली गेली, त्याला या अटीचा अर्थ काय? म्हणून मागणी दुहेरी हवी : मालवाहू वाहनांचा समावेश करा, आणि त्यांच्यासाठी ‘मूळ रूप’ म्हणजे पहिल्या नोंदणीचे रूप, तसेच धंद्यात असताना नोंदवून केलेली पुनर्बांधणी, असे स्पष्ट लिहा.

२९/ वेळ थोडा आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चालकाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली इंजिनाशेजारी दिवसभर बसणे म्हणजे काय, हे त्यालाच विचारावे. पण याचा अर्थ असाही की कारखान्यात सर्व परीक्षा होऊन निघालेली केबिन हाच यापुढचा रिवाज. हाताने केबिन घडवणारी पिढी आता मावळतीला आहे आणि तिच्या कामाची मोजदाद कोणी केलेली नाही.

३०/ गाडी भंगारात निघते तेव्हा चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून वेगळा काढतात, कारण कायद्याला तेवढाच हवा असतो. केबिनचा तुकडा कोणी ठेवत नाही. तिच्या दारावर पेंटरने काढलेले कमळ, छपराच्या कडेला बॉडीवाल्याने ठोकलेली आपल्या नावाची पट्टी, आत क्लीनरने रेखलेला हिशेब : सर्व एकाच ढिगात वितळते. कारखान्याची नोंद कारखान्याच्या दप्तरात राहील. सुतार, लोहार, पत्रेवाला आणि पेंटर यांची एकमेव नोंद ती केबिनच होती.

३१/ म्हणून, मित्रहो, विनंती आहे. अंजूर फाट्यापासून मानकोलीपर्यंत कोठेही जुना ट्रक उभा दिसला तर मालकाची परवानगी घेऊन सहा छायाचित्रे काढा : समोरून, बाजूने, छपराची आतली बाजू, काउल आणि केबिनचा सांधा, केबिन चेसिसवर बसते ती जागा, आणि बॉडीवाल्याची पट्टी असल्यास ती. नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव, फोन समाजमाध्यमावर टाकू नका. बॉडी कोठे बांधली, केव्हा बदलली, कोणी बदलली, एवढे विचारून लिहून ठेवा. वयस्कर मिस्त्री भेटले तर आधी त्यांचेच ऐका.

३२/ आणि पुढच्या वेळी छायाचित्राखाली ‘केबिन ओरिजिनल नाही’ असे लिहावेसे वाटले, तर त्या जागी एवढेच विचारा : ‘हिच्या पहिल्या नोंदणीत बॉडी काय लिहिली आहे?’ उत्तर आले तर आपल्या ज्ञानात भर पडेल. उत्तर नाही आले तर निदान कोणीतरी घरी जाऊन जुने पुस्तक शोधेल. गॅस कटर येण्याआधी तेवढी सवड त्या ट्रकला मिळाली पाहिजे. (समाप्त)